एक शहर, अनेक प्रेमकथा आणि एक अंगाई

आजचं बोलणं सिनेमाच्या इतिहासावर आहे, पण सुरुवात आपल्या बचत गटाच्या बैठकीपासून करते.

मागच्या महिन्यात आमच्या एका गटात कर्जाच्या अर्जावरून चांगलंच वाजलं. गटातली एक सभासद, वय २७. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. तिला पुण्यात एका घरी चोवीस तास राहून तान्हं बाळ सांभाळायचं काम मिळत होतं. सुरुवातीच्या खर्चाला आणि मागे आईच्या हातात ठेवायला तिने १०,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. तिचा स्वतःचा मुलगा ३ वर्षांचा. तो आजीजवळ राहणार होता.

अर्ज वाचून झाला आणि एक काकू म्हणाल्या, "दुसऱ्याचं पोर सांभाळायला स्वतःचं पोर टाकून जायचं? ही कसली माया?" दोघी-तिघींनी मान डोलावली. ती पोरगी खाली बघत पदराचं टोक पिळत बसली. मी समन्वयक. मीही त्या वेळी धड काही बोलले नाही. इतिवृत्तात "विषय पुढील बैठकीत" असं लिहिलं आणि वही मिटली.

घरी येताना मला एक सिनेमा आठवला. पॅरिस शहराचा. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता, पण सिनेमाचाही इतिहास असतो हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तो मी नंतर वाचून, बघून गोळा केला. तोच आज तुमच्यापुढे ठेवते.

एरवी सिनेमात एक गोष्ट असते. सुरुवात, मध्य, शेवट आणि अडीच-तीन तास. पण काही सिनेमे गोधडीसारखे असतात. वेगवेगळ्या लुगड्यांचे तुकडे जोडून एकच गोधडी, तशा वेगवेगळ्या दिग्दर्शकांच्या छोट्या गोष्टी जोडून एकच सिनेमा. त्यातल्या काही सिनेमांत सगळ्या गोष्टी एकाच शहरात घडतात आणि सगळ्या प्रेमाच्या असतात.

खरं तर सिनेमाचा जन्मच छोट्या तुकड्यांतून झाला. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमधल्या एका कॅफेत ल्यूमिएर बंधूंनी तिकीट लावून पहिल्यांदा आपली हलती चित्रं दाखवली. एकूण १० फिल्म, आणि प्रत्येक जेमतेम मिनिटाची. सात महिन्यांच्या आतच, ७ जुलै १८९६ रोजी, त्यांच्या फिल्म मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवल्या गेल्या. म्हणजे पॅरिस आणि मुंबई यांचं सिनेमाचं नातं तेव्हापासूनचं.

आता जाऊ इटलीला, रोम शहरात. साल १९५३. दुसरं महायुद्ध संपून आठ वर्षं झाली होती. खेड्यापाड्यांत काम नव्हतं. दक्षिणेकडची गरीब माणसं रोमची आणि उत्तरेकडच्या मोठ्या शहरांची वाट धरत होती. तिथे चेझारे झावात्तिनी नावाचा लेखक होता. 'बायसिकल थीव्ह्ज' हा गाजलेला सिनेमा लिहिण्यात त्याचा मोठा वाटा. त्याचं म्हणणं असं की सिनेमाने वर्तमानपत्रासारखं व्हावं, खऱ्या माणसांच्या खऱ्या गोष्टी सांगाव्यात. त्यातून एक सिनेमा निघाला, 'लामोरे इन चित्ता', म्हणजे 'शहरातलं प्रेम'. सहा गोष्टी, सात दिग्दर्शक.

नाव ऐकून वाटेल की बागेत गाणी असतील. तसं काही नाही. एका भागात रस्त्यावर उभ्या राहून पोट भरणाऱ्या बाया आपली हकीकत सांगतात. इटलीबाहेर सिनेमा गेला तेव्हा हा भाग काढून टाकला गेला. आपल्या घरातली लाज बाहेर नको, हा विचार तिथेही होताच. दुसऱ्या एका भागात प्रेमात फसल्यामुळे जिवावर उदार झालेल्या आणि त्यातून वाचलेल्या मुली कॅमेऱ्यासमोर बोलतात.

दीनो रीझी याचा भाग रविवारच्या नाचघराचा आहे. आठवडाभर लोकांच्या घरी काम करणाऱ्या मोलकरणी आणि सुट्टीवरचे शिपाई. रविवारी तीन तास मिळतात. त्या तीन तासांत ओळख, रुसवा, नाच, सगळं उरकायचं. मग पुन्हा मालकिणीचं घर.

फेदेरिको फेल्लिनी पुढे जगभर नावाजला. त्याची गोष्ट लग्न जुळवणाऱ्या कार्यालयाची. एक पत्रकार तिथे खोटंच सांगतो, माझ्या एका श्रीमंत मित्राला विचित्र आजार आहे, पौर्णिमेला तो लांडग्यासारखा होतो, त्याला बायको हवी आहे. त्याला वाटतं, लोक हसतील. कुणी हसत नाही. एक मुलगी दाखवायला आणतात. घरात खाणारी तोंडं भरपूर, पैसा नाही. ती विचारते, माणूस स्वभावाने बरा आहे ना? आणि तयार होते. पत्रकाराला आपलीच लाज वाटते. मैत्रिणींनो, मुलीकडची परिस्थिती बेताची असली की स्थळाचे दोष कसे झाकले जातात, हे आपल्याला रोमहून शिकायची गरज नाही. पण १९५३ साली कुणीतरी ते पडद्यावर आणलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

शेवटच्या भागात रोमच्या रस्त्यावरून मुली चालतात आणि पुरुष माना वळवून वळवून बघतात. बसमध्ये, फुटपाथवर, सगळीकडे. दिग्दर्शकाने पुरुषांची गंमत केली आहे, पण त्याचा कॅमेराही त्या मुलींकडे तसाच बघत राहतो. सात दिग्दर्शकांत बाई एकही नव्हती.

या सगळ्यांत मला जी गोष्ट सोडत नाही ती कातेरीनाची. कातेरीना रिगोल्योझो ही खरी बाई. बेट असलेल्या सिसिलीतून रोमला आलेली, लोकांच्या घरी धुणीभांडी करणारी. लग्नाशिवाय मूल झालेलं, त्यामुळे घरची दारं बंद. रोममध्ये कायम राहण्याचे कागद तिच्याकडे नव्हते. कागद नाहीत म्हणून काम टिकत नव्हतं आणि काम नाही म्हणून मूल सांभाळायला ठेवायचे पैसे पुरत नव्हते. एक दिवस तिने आपलं लेकरू बागेत सोडलं आणि ते कुणीतरी उचलून घेईपर्यंत लांबून बघत राहिली. पण तिला राहवलं नाही. ती परत गेली, मूल माझं आहे म्हणाली आणि त्यामुळे पोलिसांच्या हाती सापडली. रोमच्या वर्तमानपत्रांत ही बातमी गाजली होती. सिनेमात कातेरीनाचं काम कुण्या नटीने केलेलं नाही. तिने स्वतःच केलं. आपल्या आयुष्यातली सगळ्यात वाईट घटना ती बाई कॅमेऱ्यासमोर पुन्हा एकदा जगली. पुढे मायलेकरं एकत्र आली.

आता यातला इतिहास बघा. १९३९ साली, मुसोलिनीच्या राजवटीत, इटलीत एक कायदा झाला होता. २५,००० पेक्षा जास्त वस्तीच्या शहरात राहायला जायचं तर तिथे काम असल्याचा पुरावा द्यायचा. काम मागायला गेलं की विचारायचे, इथले रहिवासी असल्याचा कागद कुठे आहे? कामाशिवाय कागद नाही आणि कागदाशिवाय काम नाही. मुसोलिनी गेला, युद्ध संपलं, लोकशाही आली, बायकांना मताचा हक्क मिळाला, तरी हा कायदा तसाच राहिला. तो रद्द झाला १९६१ साली. म्हणजे कातेरीनाने मूल बागेत ठेवलं तेव्हा लोक तिच्या मायेवर बोलत होते, आणि तिची वाट मात्र एका कागदाने अडवली होती.

पुढची गोष्ट पॅरिसची. १९६५ साली तिथल्या सहा दिग्दर्शकांनी मिळून पॅरिसच्या सहा वस्त्यांवर सहा छोट्या गोष्टी केल्या. तेव्हा हलके, कमी खर्चाचे कॅमेरे आले होते, ते घेऊन रस्त्यावर जाता येत होतं. त्यातल्या एका गोष्टीत एका लहानशा घरात सकाळी नवरा-बायकोचं भांडण चाललंय, बाहेर इमारतीचं बांधकाम खडखडतंय. तिला या कोंडीतून बाहेर पडायचंय आणि तो आहे त्यात खूश. हे सहाही दिग्दर्शक पुरुषच होते.

त्यानंतर ४१ वर्षांनी, २००६ साली, 'पॅरिस, ज तॅम' आला. म्हणजे 'पॅरिस, माझं तुझ्यावर प्रेम आहे'. १८६० पासून पॅरिस शहराचे २० भाग आहेत. मधून सुरू होऊन गोगलगाईच्या शंखासारखे फिरत बाहेर जातात. बेत असा होता की प्रत्येक भागाची एक गोष्ट करायची, सुमारे पाच-पाच मिनिटांची. शेवटी १८ गोष्टी सिनेमात राहिल्या. या वेळी दिग्दर्शकांत तीन बायका होत्या.

त्यातली एक गुरिंदर चढ्ढा, पंजाबी कुटुंबातली, इंग्लंडमध्ये वाढलेली. तिच्या गोष्टीत नदीकाठी तीन पोरं बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींवर शेरे मारतात. हिजाब घातलेली एक मुलगी अडखळून पडते. तिघांतला एक उठतो आणि तिला मदत करतो. पुढे तो तिला शोधत मशिदीपाशी जातो. तिथे ती आजोबांबरोबर बाहेर येते आणि आजोबा त्यालाही बरोबर चालायला बोलावतात. एवढीच गोष्ट. १९५३ मध्ये रोमचे पुरुष मागे वळून बघत होते. इथेही पोरं बघतातच, पण कॅमेरा बाईच्या हातात आल्यावर तो त्या मुलीचं म्हणणं ऐकायला थांबला.

दुसरी, इसाबेल कोइशेत, स्पेनची. तिच्या गोष्टीतला नवरा बायकोला सोडायचं ठरवून हॉटेलात आलाय. तो तोंड उघडायच्या आत बायको रडत डॉक्टरचा कागद पुढे करते. तिला रक्ताचा कर्करोग आहे. तो तिला सोडत नाही. तिची सेवा करता करता पुन्हा तिच्या प्रेमात पडतो.

आणखी एका गोष्टीत आफ्रिकेतून आलेला एक मजूर चौकात जखमी होऊन पडलाय. त्याच्यावर उपचार करणारी शिकाऊ मुलगी त्याच्याच रंगाची. तो तिला म्हणतो, माझ्याबरोबर कॉफी घेशील? तिला आठवत नाही, पण त्याने तिला आधी पाहिलंय आणि तेव्हापासून तो तिला शोधतोय. कॉफीचे दोन कप येतात तोवर तो गेलेला असतो. सिनेमाची शेवटची गोष्ट अमेरिकेतल्या एका टपालवाल्या बाईची आहे. वय झालेलं, एकटी. पैसे साठवून पॅरिस बघायला आली आहे. बागेत बाकावर बसून डबा खाते आणि आनंद आणि दुःख एकदमच तिच्या मनात दाटून येतात. नवरा नाही, प्रियकर नाही, तरी तिची गोष्ट प्रेमकथांत घेतली, हे मला फार आवडलं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं सांगितलं. तिचं नाव 'सोळाव्यापासून दूर'. सोळावा भाग म्हणजे पॅरिसची श्रीमंत वस्ती. ही गोष्ट ब्राझीलच्या वॉल्टर सालेस आणि डॅनिएला थॉमस यांनी मिळून केली. परदेशातून पोट भरायला आलेली एक तरुण आई अंधारातच उठते. आपलं तान्हं लेकरू पाळणाघरात नेऊन ठेवते. तिथे पाळण्यांच्या रांगा. बाळ रडतं. ती वाकून, हात हलवून त्याला तिच्या भाषेतली अंगाई म्हणून दाखवते. ते शांत होतं. मग ती पळते. बस, आगगाडी, भुयारी रेल्वे. शेवटी एका मोठ्या घरात पोचते. आतून मालकिणीचा नुसता आवाज येतो, आज मला यायला तासभर उशीर होईल, चालेल ना? चालेल म्हणण्यावाचून ही काय बोलणार. मग तिथलं बाळ रडायला लागतं. ती त्याच्यापाशी वाकते, हात तसाच हलवते आणि तीच अंगाई म्हणते. पण तिची नजर खिडकीबाहेर, लांब कुठेतरी लागलेली असते. गोष्ट तिथेच संपते.

पुढच्या बैठकीला मी ही पाच मिनिटांची गोष्ट मोबाइलवर दाखवली. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि अकरा जणी त्याभोवती गोळा झाल्या. भाषा कुणालाच कळत नव्हती, पण विचारायची गरज पडली नाही. संपल्यावर कुणी बोलेना. मग गटातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या आजी म्हणाल्या, "तिचा जीव तिकडं हाय की." काकूंनी डोळ्याला पदर लावला. अर्ज करणारी मात्र तशीच बसून होती. तिला यात नवीन काही नव्हतं.

मग मी त्यांना माझ्या मावशीची गोष्ट सांगितली. ती आजवर मी गटात बोलले नव्हते. माझी मावशी मुंबईत एका घरी १४ वर्षं कामाला होती. त्या घरची दोन्ही मुलं तिच्या हातची वाढली. तिचा स्वतःचा मुलगा आमच्याकडे, माझ्या आईजवळ वाढला. गौरी-गणपतीला ती यायची, नवे कपडे, खाऊ घेऊन. तो तिच्याजवळ जायचा नाही. माझ्या आईच्या मागे लपायचा. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होते. घरातले मोठे हसायचे, "आईला ओळखत नाही बघ." मावशीही हसायची. रात्री ती परसात उभी राहून रडताना मी एकदाच बघितली. तिने पाठवलेल्या पैशावर तो शिकला, आमच्या घराची कौलंही त्याच पैशाने बदलली. तरी भावकीत कुणी तिला "लेकराला सोडून गेलेली" याशिवाय दुसऱ्या नावाने ओळखलं नाही. मीसुद्धा कधी तिला विचारलं नाही, मावशी, तुला तिकडे कसं वाटत होतं? आता विचारायला ती नाही.

हे सांगताना माझा आवाज लागेना. आजींनीच पाठीवर हात ठेवला.

या इतिहासात आपली मुंबईही आली आहे. 'मॉडर्न लव्ह मुंबई' ही २०२२ ची वेब मालिका. मुंबईतल्या सहा प्रेमकथा, सहा दिग्दर्शक, त्यांत तीन बायका. रोमच्या वेळी एकही नव्हती, पॅरिसच्या अठरा गोष्टींत तीन होत्या, मुंबईच्या सहांत तीन आहेत. त्यातली शोनाली बोस यांची 'रात रानी' लोकांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या एका काश्मिरी बाईची आहे. नवरा एक दिवस सोडून जातो. मागे राहते सायकल. उड्डाणपुलाची चढण तिला आधी चढवत नाही. ती रडते, चिडते, पण रोज पेडल मारते आणि एक दिवस पूल पार करते. कातेरीना, पॅरिसची ती आई आणि मुंबईची ही बाई, तिघीही दुसऱ्याच्या घरात राबणाऱ्या. तीन शहरं, ६९ वर्षं, आणि प्रेमकथा सांगायला बसलं की यांची गोष्ट आल्याशिवाय राहत नाही. कारण शहरातल्या प्रेमाला जो वेळ मिळतो, गरम जेवण मिळतं, झोपलेलं बाळ मिळतं, ते कुणाच्या तरी हातांनी दिलेलं असतं.

कायद्याच्या बाजूनेही थोडं सांगते. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. आठवड्याची सुट्टी, ठरलेले तास, ठरलेला पगार असे हक्क त्यात आहेत. २०१३ साली इटलीने त्याला मंजुरी दिली, जिथे एकेकाळी कातेरीनाला कागद मिळत नव्हता. भारताने ती मंजुरी अजून दिलेली नाही. आपल्या महाराष्ट्रात मात्र २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे आणि त्याखाली घरकाम करणाऱ्या बायकांची नोंदणी होते. तसंच एका रेशन कार्डावर दुसऱ्या गावी, दुसऱ्या राज्यातही धान्य घेता येतं. हे कागद गाव सोडण्याआधी नीट करून घ्यायचे. आधारवरचं नाव आणि रेशन कार्डावरचं नाव जुळतं का बघायचं. बँक खातं स्वतःच्या नावावर हवं. हे गटाचं काम आहे, कारण एकटीने तालुक्याला चार फेऱ्या मारणं तिला परवडत नाही.

त्या दिवशी ठराव झाला. १०,००० रुपये मंजूर. काकूंनीच अनुमोदन दिलं. त्याखाली आम्ही आणखी तीन ओळी लिहिल्या. एक, पगार, सुट्टी आणि महिन्यातून दोन दिवस गावी येणं, हे कामाच्या आधी बोलून घ्यायचं आणि बोलताना फोनवर मी असेन. दोन, मुलाचं अंगणवाडीचं आणणं-नेणं आजीला जमलं नाही तर शेजारच्या दोघी बघतील. तीन, रोज संध्याकाळी सात वाजता मुलाला आईचा व्हिडिओ कॉल लागलाच पाहिजे. आजीकडे साधा फोन आहे, म्हणून काकू आपल्या सुनेचा मोबाइल घेऊन जातात.

ती जाऊन तीन आठवडे झाले. परवा मी सातच्या सुमारास तिकडून जात होते. काकू ओट्यावर बसल्या होत्या, मांडीवर तो मुलगा, हातात मोबाइल. पलीकडून त्याची आई काहीतरी गुणगुणत होती. मागे दुसरं बाळ रडत होतं, तेही ऐकू येत होतं. मुलगा मोबाइलला गाल लावून बसला होता.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही अशी कुणीतरी गेलेली असेल. दिवाळीला आली की तिला दोन मिनिटं जवळ बसवा आणि तिकडे कसं असतं ते विचारा. मी माझ्या मावशीला विचारलं नाही. तुम्ही विचारा, आणि ती बोलली तर लिहून आपल्या रेडिओकडे पाठवा. नाव द्यायची गरज नाही. गोष्ट पुरे.